‘भाजीच्या देठा’चा हुकूम नेमका कुणाला होता?

दर शिवजयंतीला एक संदेश फिरतो: ‘रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावाल तर हात कलम करीन, असं महाराजांनी सैनिकांना बजावलं होतं.’ धाक होता म्हणून शिस्त होती, असा त्याचा सूर. हे खरं नाही.

भाजीच्या देठाचा उल्लेख 1676 च्या पत्रात आहे आणि ते पत्र सैन्याला नाही, कोकणातल्या प्रभावळी सुभ्याचे सुभेदार रामाजी अनंत यांना आहे. त्या वाक्यात हात तोडण्याची धमकीही नाही. चोरी करणार नाही, इमानाने काम करीन, अशी शपथ तू स्वतःच घेतली आहेस. तेव्हा भाजीच्या देठाचाही मोह न धरता वाग, असं महाराज लिहितात. म्हणजे माणसाला त्याच्याच शब्दाची आठवण दिली आहे! पुढे, कुवत आहे पण बैल नाही अशा कुणब्याला बैलासाठी पैसे आणि पोटाला दाणे द्यायला सांगितलं आहे.

सैन्याला लिहिलेलं पत्र वेगळं, ते चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांना, लिहिलेलं आहे. त्यात कडक ताकीद आहेच, पण आधी कारणं आहेत. वैरण आत्ताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. रयतेला लुबाडलंत तर तिला तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल.

छत्रपतींनी हवालदाराला उंदराच्या वातीपर्यंत समजावून सांगावं, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढच्या शिवजयंतीला तो संदेश आला, तर ही दोन पत्रं पुढे पाठवा.