गाडी मॉडिफाय करणे (कोल्हापूर)

कंपनीतून आलेल्या मोटारसायकलचे हँडल, सीट, सायलेन्सर, चाके, रंग आपल्या पसंतीने बदलणे. हा नाद सगळ्या महाराष्ट्राला आहे. कोल्हापूरचे वेगळेपण लेथमध्ये, म्हणजे धातू फिरवत कातणाऱ्या यंत्रात. ऑइल इंजिन आणि ओतकामाच्या धंद्यामुळे शिवाजी उद्यमनगरात टर्नर (लेथवर काम करणारे), वेल्डर, बफिंगवाले (धातूला चकाकी देणारे) हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दुकानात न मिळणारा भाग इथे करून घेता येतो. हँडल दीड इंच वर घ्यायचे तर हँडलखाली बसवायचे अॅल्युमिनियमच्या रॉडचे दोन तुकडे लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत धरून काततात आणि व्हर्नियर हे बारीक मापाचे साधन लावून दोन्हींची उंची जुळवतात. फरक राहिला तर हँडल तिरके बसते. केबल लांब करायची राहून गेली तर हँडल पूर्ण वळवताच क्लच आपोआप ओढला जातो.

बुलेटइतकाच मान यामाहा आरएक्स १००ला. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी. तिच्या सायलेन्सरच्या शेपटाला एका बोल्टवर धरलेली नळी, म्हणजेच 'पुंगळी', काढली की आवाज फुटतो. पोरांना वाटते, पिकअप वाढला. वाढतो तो बहुधा आवाजच! टू-स्ट्रोकचा सायलेन्सर दाबाची लाट परत फिरवून सिलिंडरबाहेर निसटणारे ताजे मिश्रण आत ढकलतो. त्याचे गणित बिघडले की खालच्या वेगात गाडी ओढत नाही.

रेडियमचे, म्हणजे चमकत्या स्टिकरचे काम स्वस्त आणि सर्वांत बोलके असते. टाकीवर जोतिबा किंवा अंबाबाई, मडगार्डवर तालमीचे नाव. 'दादा' वाचता यावे म्हणून ४१४१ नंबर घेणारेही होते; एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट आली आणि आकड्यांची ती नक्षी नव्या गाड्यांपुरती संपली.

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. जप्त सायलेन्सर रोड रोलरखाली घालण्याचे प्रकार राज्यातल्या अनेक शहरांत झाले आहेत.

जाणता माणूस काढलेला मूळ सायलेन्सर फेकत नाही. तेल चोळून, गोणपाटात गुंडाळून तो माळ्यावर ठेवतो. पंधरा वर्षांनी पासिंगला जाताना तोच परत चढतो.