हेवा पडद्यावरचा, संहिता नाशिकच्या

२०१८च्या दिवाळीत नट घाणेकरांवरचा चरित्रपट ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ लागला, तेव्हा नाशिकमध्ये तो मी दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी मागच्या रांगेत एक सत्तरीचे काका होते. पडद्यावर घाणेकरांचे प्रतिस्पर्धी नट डॉ. श्रीराम लागू आले की ते बायकोला हळूच म्हणायचे, “एवढं वाकडं नव्हतं गं यांचं.” तिसऱ्यांदा बाईंनी त्यांना गप्प केलं. काकांचं म्हणणं खरं की खोटं यात मी पडणार नाही. पण चरित्रपटाला असा एक हेवेदावा लागतोच का, आणि हे कुठून सुरू झालं, एवढं मात्र तपासता येतं.

साचा जुना आहे आणि तो व्हिएन्नाचा. संगीतकार मोत्झार्ट १७९१ साली पस्तिसाव्या वर्षी गेला. दरबारी संगीतकार साल्येरी त्याच्यानंतर चौतीस वर्षं जगला. म्हातारपणी तो आजारी असताना गावात कुजबुज सुरू झाली की यानेच मोत्झार्टला विष घातलं. पुरावा काहीच नव्हता. उलट आपला ऑपेरा पाहायला साल्येरी आला आणि त्याने ‘वाहवा’ केली, असं मोत्झार्टनेच शेवटच्या काही आठवड्यांत बायकोला पत्रातून कळवलं होतं. मोत्झार्टच्या मुलालाही साल्येरीने शिकवलं. पण अफवेला चांगला लेखक मिळाला की इतिहासाचं काही चालत नाही. १८३०मध्ये पुश्किनने त्यावर छोटं नाटक लिहिलं, १९७९मध्ये पीटर शॅफरने मोठं लिहिलं आणि १९८४मध्ये मिलोश फोरमनने त्याचा ‘अमादेउस’ हा चित्रपट केला. त्याला आठ ऑस्कर मिळाली. सर्वोत्तम अभिनेत्याचं ऑस्कर साल्येरी करणाऱ्याला गेलं. मोत्झार्ट करणाऱ्यालाही नामांकन होतं, पण तो हात हलवत परतला.

यातच सगळी गोम आहे. प्रतिभावान माणूस काम करतो म्हणजे नेमकं काय करतो? एकटा बसतो, खरडतो, खोडतो. कॅमेऱ्याला त्यात दाखवण्यासारखं काही नाही. पण शेजारी जळणारा माणूस बसवला की प्रेक्षकाला डोळे मिळतात. समोरच्याचं मोठेपण नेमकं कशात आहे हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नसतं, म्हणून तर तो जळतो. आपल्या ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब याच जातीचे, फक्त ती गोष्ट चरित्र नव्हे.

याला अपवादही आहे, आणि तो नाशिकच्याच माणसाचा. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांच्यावरच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त (२००९) खलनायकच नाही, आहे तो नुसता छंद आणि फजिती. खरं तर भांडणाचा ऐवज भरपूर होता. दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ हा चित्रपट १९१२ साली, म्हणजे फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वर्षभर आधी, मुंबईच्या त्याच कोरोनेशन थिएटरात लागला होता आणि पहिला कोण हा वाद आजही विझलेला नाही. पुढे नाशकात हिंदुस्थान फिल्म कंपनी ऐन भरात असताना भागीदारांशी बिनसलं, फाळके काशीला निघून गेले, तिथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं आणि मग परत आले. एखाद्याने एवढ्यावर अख्खा चित्रपट काढला असता.

मराठी रंगभूमीला चुरस नवी नाही. बालगंधर्व आणि केशवराव भोसले या गायक नटांच्या नाटक मंडळ्या एकमेकींसमोर उभ्या होत्या, आणि रसिकांचेही दोन तट होते. तरी ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत दोघे ‘संयुक्त मानापमान’ला एकत्र उभे राहिले, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. गंमत म्हणजे ती चुरस आज आठवते ती या एका रात्रीमुळे, भांडणामुळे नव्हे.

आता घाणेकर आणि लागू. दोघेही डॉक्टर, एक दातांचे, एक कान-नाक-घशाचे. चित्रपटात लागूंचं येणं घाणेकरांना बोचतं, आणि पटकथेच्या सोयीने ते दोन माणसांचं वैर वाटतं. पार्श्वभूमी पाहिली तर ते दोन अभिनय-पद्धतींचं वळण होतं. घाणेकरांची एन्ट्री म्हणजे शिट्ट्या, टाळ्या आणि त्या टाळ्या घेत उभं राहणं. जाहिरातीत सगळ्यांच्या नावांनंतर ‘आणि’ म्हणून त्यांचं नाव यायचं, चित्रपटाचं शीर्षक तिथलंच. लागू पुण्याच्या प्रायोगिक हौशी नाटकांतून आलेले, टाळीपेक्षा भूमिकेचा विचार आधी करणारे. प्रेक्षकही त्याच काळात बदलत होता, आणि हा भाग पडद्यावर दाखवायला अवघड असतो.

नाशिककरांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट पुढे आहे. घाणेकरांना घाणेकर केलं ते १९६२च्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधल्या संभाजीने आणि १९६६च्या ‘अश्रूंची झाली फुले’मधल्या लाल्याने. दोन्ही नाटकं वसंत कानेटकरांची, म्हणजे नाशिकच्या एचपीटी कॉलेजात शिकवणाऱ्या प्राध्यापकाची. लागूंनी डॉक्टरी सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली ती १९६९मध्ये, ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून. तेही कानेटकरांचंच, आणि पुन्हा संभाजीवरचंच! पुढच्या वर्षी, २३ डिसेंबर १९७०ला, ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला, आणि त्यात लागू अप्पासाहेब बेलवलकर झाले. नाटकाचे लेखक शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, नाशिकचेच.

चित्रपट सुटल्यावर जिन्यात ते काका पुन्हा भेटले. मी विचारलं, “तुम्ही दोघांनाही पाहिलंय?” म्हणाले, “संभाजी पाहिला, अप्पासाहेब बेलवलकरही पाहिले. तिकिटं दोन्ही वेळा रांगेत उभं राहून काढली.” बाई म्हणाल्या, “आणि दोन्ही वेळा रडलेत.”