रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत धडधड

ईसीजी नॉर्मल. टू डी इको नॉर्मल. स्ट्रेस टेस्टही व्यवस्थित. डॉक्टर म्हणतात, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." घरी पोचेपर्यंत बरं वाटतं. रात्री डाव्या कुशीवर वळलं की उशीत ठोके ऐकू यायला लागतात आणि मनात येतं, तपासताना काही सुटलं तर नसेल? दोन दिवसांनी फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे. सोलापुरात अशी माणसं मला सतत भेटतात. त्यात कारखान्यात काम करणारे आहेत, शिक्षिका आहेत, नुकती नोकरी लागलेली पोरंही आहेत. "डॉक्टर म्हणतात काही नाही, पण होतंय की मला! मग हे काय आहे?" हा त्यांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. "काही नाही" हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

त्यांना जे होतं ते खरं असतं आणि रिपोर्टही खरा असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते शरीरशास्त्र नीट सांगतं. पुढची तपासणी हा या धास्तीवरचा इलाज का नाही, तेही त्यातूनच कळतं.

ही भीती हवेतून आलेली नाही. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकचं मध्यक वय (म्हणजे निम्म्या रुग्णांना त्याआधी, निम्म्यांना नंतर) दक्षिण आशियातल्या लोकांत 53 वर्षं आढळलं. बाकीच्या जगात ते जवळपास 59 होतं. त्यात मोबाइलवर रोज कुणी ना कुणी नाचता नाचता कोसळल्याचा व्हिडिओ येतो. 29 ऑक्टोबर 2021 ला कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार 46 व्या वर्षी अचानक गेले, तेव्हा बेंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी तरुणांच्या रांगा लागल्या. सोलापुरातही कितीतरी घरांत कन्नड बोललं जातं. इथल्या लोकांना ती बातमी परक्या गावातली वाटली नाही.

म्हणून छातीत पहिल्यांदा दुखलं की तपासून घेणं शहाणपणाचंच आहे. पण तपासणी झाल्यावर तिने काय सांगितलं हे समजून घ्यायला हवं, आणि ते समजावून सांगायला ओपीडीत कुणाला वेळ नसतो. साधा ईसीजी हृदयाच्या विजेची साधारण 10 सेकंदांची नोंद घेतो. इकोत हृदयाच्या भिंती, झडपा आणि रक्त फेकायची ताकद दिसते. स्ट्रेस टेस्टमध्ये पट्ट्यावर चालवत दर 3 मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात, म्हणजे मुद्दाम हृदयाला कामाला लावून त्याला रक्त कमी पडतं का ते बघतात. तुमचं वय, रक्तदाब, साखर, घरचा इतिहास आणि दुखण्याची तऱ्हा यांच्याशी हे सगळं ताडून डॉक्टर "नॉर्मल" म्हणतात. त्याचा अर्थ, आत्ता होणाऱ्या त्रासामागे हृदयाचा गंभीर आजार असण्याची शक्यता फार कमी आहे. शंभर टक्के आणि जन्मभराची हमी मात्र कुठलंच यंत्र देत नाही. घाबरलेल्या मनाला नेमकी तीच हवी असते. उरलेल्या त्या बारीकशा फटीत ते बोट घालून बसतं.

आता मूळ प्रश्नाकडे. मग जाणवतं ते काय?

सगळ्यात जास्त घाबरवतो तो "चुकलेला ठोका". दिवसाला हृदय साधारण एक लाख वेळा ठोकतं. त्यात मधूनच, ठरलेल्या वेळेच्या आधी, हृदयाच्या एखाद्या कोपऱ्यातून विजेचा एक संकेत निसटतो. त्या क्षणी कप्पा पुरता भरलेला नसतो, त्यामुळे तो ठोका फिका पडतो, मनगटावर बहुधा जाणवतही नाही. मग हृदय नेहमीपेक्षा थोडं जास्त थांबतं. त्या वेळात कप्प्यात जास्त रक्त जमतं आणि पुढचा ठोका दणक्यात बसतो. "हृदय थांबलं" वाटतं ती ही छोटी उसंत, आणि "छातीत काहीतरी उलटलं" वाटतं तो नंतरचा भरलेला ठोका. चोवीस तास होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजीचं छोटं यंत्र, लावून बघितलं तर बहुसंख्य निरोगी प्रौढांत असे काही जादा ठोके सापडतात. हृदयाची रचना चांगली असेल आणि असे ठोके मोजकेच असतील, तर त्यांचा धोका नसतो. इको करतात ते रचनेची खात्री करण्यासाठीच.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणाऱ्या एका परिचितांना होल्टर लावला होता. सोबत दिलेल्या कागदावर त्यांनी त्रासाच्या वेळा प्रामाणिकपणे लिहिल्या: संध्याकाळी जेवणानंतर "धस्स झालं", रात्री अंथरुणावर "ठोका चुकला". डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तो कागद आणि यंत्राची नोंद शेजारी शेजारी ठेवली. लिहिलेल्या वेळी ठोके नियमित होते, फक्त जरा जलद. जादा ठोके होते ते पहाटे तीनच्या सुमाराला, साहेब गाढ झोपेत असताना. म्हणजे ठोका खरंच चुकला तेव्हा त्यांना पत्ता नव्हता, आणि त्यांना चुकल्यासारखा वाटला तेव्हा हृदय बिनचूक चाललं होतं. रिपोर्टच्या तळाच्या ओळीपेक्षा ही दोन पानं त्यांना जास्त पटली. होल्टर लावायची वेळ आली तर या वेळा जरूर लिहा आणि त्या नोंदीशी जुळवून दाखवा असं डॉक्टरांना आवर्जून म्हणा.

हे असं का होतं? मेंदू आतून येणाऱ्या बहुतेक खबरा बाजूला टाकतो. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाला लागून असलेल्या घरांत लेकरं त्या खडखडाटात बिनघोर झोपतात आणि पाहुण्याचा डोळा लागत नाही. आवाज दोघांना सारखाच असतो. पाहुण्याचं लक्ष मात्र त्याच्यावर असतं. एकदा "हृदय" ही धोक्याची जागा ठरली की मेंदू तिथली खबर बाजूला टाकायचं थांबवतो. बरगड्यांच्या सांध्याची कळ, पित्ताची जळजळ, मानेच्या स्नायूचा ताण हे सगळं त्याच नजरेतून वाचलं जातं. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीच्या आणखी जवळ येतं, म्हणून तिथे ठोके जास्त जाणवतात. त्यात आजार काही नाही.

भीती वाटली की अॅड्रेनालिन सुटतं, नाडी वाढते, ठोका जोरात पडतो, आणि जे ऐकून घाबरलो तेच आणखी मोठ्याने ऐकू येतं. श्वास भरभर चालतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, हलकं वाटतं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी होते. मग माणूस आणखी खोल श्वास घेतो आणि कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो. या अवस्थेत ऑक्सिजन कमी पडलेला नसतो. श्वास हळू सोडला, म्हणजे आत घेताना चार मोजले तर सोडताना सहा, की काही मिनिटांत मुंग्या ओसरतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये पॅनिकचा, म्हणजे एकाएकी उसळणाऱ्या भीतीचा, झटका नेमका याच फेऱ्यातून समजावला होता: साध्या संवेदनेचा भयंकर अर्थ, त्यातून भीती, भीतीतून तीच संवेदना वाढलेली.

सोलापूरकरांनी यात आपला उन्हाळाही धरावा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा अंग थंड ठेवायला शरीर जास्त रक्त कातडीकडे पाठवतं. घामाने पाणी आणि मीठ जातं, वाहिन्यांतलं रक्ताचं आकारमान घटतं, आणि तेवढंच काम भागवायला हृदयाला जलद ठोकावं लागतं. दुपारी नवी पेठेत खरेदी करून आल्यावर नाडी 110 लागली, पटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आधी पाणी, ताक, सावली आणि थोडं आडवं होणं. त्यावर कडक चहाचे चार-पाच कप आणि अपुरी झोप असेल तर धडधड वाढणारच.

हा त्रास मोबाइलच्या आधीपासूनचा आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर फिलाडेल्फियाचे डॉक्टर जेकब द कोस्टा यांनी 300 हून अधिक सैनिकांचा अभ्यास 1871 मध्ये प्रसिद्ध केला. तरुण माणसं, छातीत दुखणं, धडधड, दम, आणि हृदय तपासलं तर आजार दिसत नाही. पहिल्या महायुद्धात असेच सैनिक हजारोंनी यायला लागले. तेव्हा ब्रिटिश हृदयतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी त्यांना अंथरुणात पाडून ठेवण्याची पद्धत मोडली आणि पायरीपायरीने वाढवत जाणारी कवायत सुरू केली. बरेच जण पुन्हा कामावर गेले. शंभर वर्षं झाली तरी आपल्याकडे घरचे म्हणतात, "जपा, जिना चढू नका." माणूस बसून राहतो, दमसास उतरतो, मग दहा पायऱ्यांतही नाडी चढते आणि भीतीला आणखी एक पुरावा मिळतो.

पुराव्यांचा हा नाद हीच या दुखण्याची खरी मेख आहे. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर उशाशी असतो, दर अर्ध्या तासाला बोटाला लागतो. तो घाबरूनच लावलेला असल्याने नाडीचा आकडा चढलेलाच दिसतो. तुळजापूरला जायचं तर वाटेत मोठा दवाखाना कुठे हे आधी बघितलं जातं. न्हाणीघराला आतून कडी लावली जात नाही. पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या संशोधकांनी 1986 मध्येच मांडलं की वारंवार दिलासा मागितल्याने चिंता क्षणभर उतरते आणि नंतर पुन्हा चढते. कारण "मी तपासलं म्हणून वाचलो" हा धडा मेंदू गिरवतो. तपासलं नसतं तरी काही झालं नसतं, हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही.

म्हणून उपचार ही संधी देतात. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीत, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचारात, तपासत राहण्याच्या सवयी एकेक करून कमी करतात आणि टाळलेल्या गोष्टी पुन्हा सुरू करतात. इंग्लंडमध्ये हृदयरोगासह वेगवेगळ्या विभागांत येणाऱ्या, आरोग्याची अतोनात चिंता करणाऱ्या 444 रुग्णांवर पीटर टायरर यांच्या गटाने हा उपचार तपासला. पाच ते दहा बैठकांचा उपचार होता, आणि तो देणाऱ्यांत परिचारिकाही होत्या. 2014 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार चिंता लक्षणीय घटली आणि दोन वर्षांनंतरही तो फायदा टिकून होता. मला यात सर्वांत आशादायक वाटतं ते हे, की यासाठी महागडं यंत्र किंवा महानगरातला मोठा तज्ज्ञ लागत नाही.

प्रत्यक्षात हे फार साधं दिसतं. डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटल्यावर मुद्दाम तीन मजले चढायचे, वर गेल्यावर नाडी न बघता उभं राहायचं, धडधड आपली आपण उतरू द्यायची. ती उतरते. संध्याकाळी कंबर तलावाकडे चालायला जायचं आणि ऑक्सिमीटर घरी ठेवायचा, पुढे तो कपाटाच्या वरच्या फळीवर टाकायचा. पहिले काही दिवस अस्वस्थता वाढते. तिथे सोडू नका. चिंता खोल असेल तर मनोविकारतज्ज्ञ औषधं देतात आणि ती उपयोगी पडतात. मात्र दुकानातून परस्पर आणलेली झोपेची किंवा "टेन्शनची" गोळी लवकर सवय लावते, तिच्यापासून लांब राहा. मनाच्या डॉक्टरकडे जायचं धाडस होत नसेल तर 14416 या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

घरच्यांचा वाटा मोठा आहे. "अहो, काही नाही तुम्हाला" असं दिवसातून वीस वेळा सांगणारी बायको प्रेमापोटी तोच फेरा फिरवत असते. रागावूनही भागत नाही. शांत वेळी दोघांनी बसून एक उत्तर ठरवावं: "याचं उत्तर आपण डॉक्टरांसमोर ठरवलंय. चला, भाजी आणू." सुरुवातीला ते कठोर वाटेल, पण त्यात दुर्लक्ष नाही.

आणि चिंतेचा शिक्का बसलेल्या माणसालाही हृदयरोग होऊ शकतो, म्हणून खऱ्या खुणा घरात सगळ्यांना माहीत हव्यात. चालताना किंवा चढताना छातीवर दाब येतो आणि थांबल्यावर जातो, असं नव्याने होत असेल तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठा. दाब काही मिनिटांत जात नाही, हात, जबडा किंवा पाठीत पसरतो, दरदरून घाम सुटतो, दम लागतो, शुद्ध हरपते, अशा वेळी थेट 108. बायकांत आणि मधुमेहींत दुखण्याऐवजी नुसता दम, मळमळ किंवा अचानक गळून जाणंही असू शकतं. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. बाकी वेळेसाठी एकच डॉक्टर, एकच फाइल आणि पुढच्या तपासणीची एक ठरलेली तारीख. तोवर तंबाखू-मिश्री सोडणं, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणं एवढं आपल्या हातात आहे. त्या तारखेआधी तपासणी करायची ती फक्त वरच्या खुणांपैकी एखादी नव्याने दिसली तरच, हे डॉक्टरांकडून त्याच फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.