विद्यापीठाच्या पठारावर 13 मीटरांचे गणित

ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ, उतारावर दोनापावला, पलीकडे बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. या पट्ट्यात विद्यार्थी पायी चालतात, सायकल मारतात, कदंब बसमधून उतरून रस्ता ओलांडतात. त्यांचा जीव वाचेल की नाही हे बहुतेक वेळा समोरून येणाऱ्या वाहनाच्या वेगावर ठरते.

समजा, 13-14 मीटरांवर कुणी अचानक रस्त्यात उतरले. चालकाला धोका ओळखून ब्रेकवर पाय नेईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. 30 किमी वेगाची गाडी त्या सेकंदात 8 मीटर पुढे सरकते, कोरड्या डांबरावर आणखी 5 मीटरांत थांबते आणि माणूस वाचतो. 50 च्या वेगात मात्र तो एक सेकंदच 14 मीटर खाऊन जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी पूर्ण वेगाने आदळते, आणि त्या धडकेतली ऊर्जा 30 च्या तुलनेत जवळजवळ 2.8 पट असते.

हे झाले कोरड्या रस्त्याचे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असतो. पहिल्या सरींत तेल, धूळ आणि वाहून आलेली तांबडी माती यांचा निसरडा थर डांबरावर पसरतो. ओल्या रस्त्यावर 50 च्या वेगातली गाडी थांबायला 38 मीटर सहज लागतात. पठारावरून खाली येणाऱ्या उतारावर 40 च्या वर. त्यात छत्री पुढे झुकवलेली, रेनकोटची टोपी कानांवर. दोन पदरी, 7 मीटर रुंद रस्ता चालत ओलांडायला सहा सेकंद लागतात. तेवढ्यात 50 च्या वेगाचे वाहन 83 मीटर येते. तेव्हा किमान तेवढे अंतर मोकळे दिसले पाहिजे. वळणावर पावसाळ्यात माजलेले गवत नेमके हेच अंतर गिळते, म्हणून जूनअखेरीस आणि पुन्हा गणेश चवथीआधी ते कापणे हे रस्ता सुरक्षेचेच काम मानायला हवे. स्कूटरच्या बाबतीत आणखी सावध राहावे. लहान आकाराचे वाहन डोळ्यांना असते त्यापेक्षा दूर भासते आणि यायला अजून वेळ आहे असे वाटते.

वेग कमी करण्याची सूचना फलकावर लिहून भागत नाही, रस्त्याच्या बांधणीनेच तो उतरवावा लागतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या शिफारशीनुसार गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर लांब आणि मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच असावा. तो 25 किमी वेगासाठी बेतलेला आहे. त्याऐवजी रस्त्याला खिळवलेल्या अरुंद रबरी पट्ट्या चारचाकीला फारशा अडवत नाहीत, उलट वेगात गेले तर धक्का कमीच जाणवतो. आदळतात ते स्कूटरवाले आणि सायकलस्वार. दुसरी चूक जास्त घातक आहे. पाणी वाहून जावे म्हणून गतिरोधकाच्या कडेला फट सोडतात आणि दुचाकीवाले त्या फटीतून घुसतात, म्हणजे पादचारी जिथे चालतो तिथूनच. पाण्यासाठी खालून पाइप टाकावा आणि गतिरोधक कडेपर्यंत न्यावा. वर्गांकडे जाणाऱ्या वाटेवर तर पदपथाच्या पातळीचे, सपाट माथ्याचे क्रॉसिंगच करावे. पादचारी पुलाचा आग्रह आम्हाला पटत नाही. जिने चढण्यापेक्षा लोक खालूनच धावतात.

क्रॉसिंग बसथांब्याच्या मागे असावे, पुढे नव्हे. थांबलेल्या बसच्या तोंडासमोरून निघालेला माणूस बसला ओलांडणाऱ्या चालकाला दिसतच नाही.

सायकलस्वाराने उतार लागण्याआधी ब्रेक हलकेच दाबून पाहावेत. ओल्या रिमवर चाकाचे पहिले काही फेरे पाणी पुसण्यातच जातात आणि पकड त्यानंतर येते. दोन्ही ब्रेक वापरावेत, वळणाआधीच वेग उतरवावा. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असल्या तर बारीक टायर त्यांत अडकतो. त्या आडव्या बसवायला सांगाव्यात. उभ्या गाड्यांपासून एक मीटर अंतर ठेवावे, दार कधीही उघडते. रात्री परावर्तक पट्टी पाठीपेक्षा घोट्यांवर लावलेली अधिक उपयोगी, कारण वरखाली होणारा प्रकाश पाहून चालकाला तो माणूस आहे हे लवकर कळते.

आपल्या रस्त्यावर वेग किती आहे, हे विद्यार्थी स्वतः मोजू शकतात. रस्त्याकडेला 50 मीटर अंतराच्या दोन खुणा करा, स्टॉपवॉच घ्या, चालकाच्या नजरेत न येता उभे राहा. हे अंतर 6 सेकंदांत कापले तर वेग 30, 3.6 सेकंदांत कापले तर 50. मोकळ्या रस्त्यावरून जाणाऱ्या 100 वाहनांचे वेळ नोंदवा, कमीपासून जास्तीकडे लावा आणि सोळावा आकडा पाहा. 180 ला त्या सेकंदांनी भागले की वेग मिळतो. 85 टक्के चालक त्याच वेगाने किंवा त्याहून हळू जातात. तो वेग 40 च्या वर निघाला तर पंचायतीकडे आणि बांधकाम खात्याकडे फलकाची नव्हे, उंचावलेल्या क्रॉसिंगची मागणी आकड्यांसह करा.