केमोची अ‍ॅलर्जी आठव्या सलाईनला का येते?

‘पाच-सहा केमो नीट पार पडल्या, म्हणजे औषध अंगाला मानवलं.’ अंडाशयाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांच्या घरात हा समज इतका पक्का असतो की पहिल्या सलाईनला सगळं घर धास्तावलेलं असतं आणि पुढे-पुढे सोबत कुणी गेलं नाही तरी चालतं असं सगळ्यांना वाटू लागतं. या आजारात नेहमी जोडीने दिल्या जाणाऱ्या दोन औषधांपैकी एकाच्या बाबतीत हा हिशेब बराचसा बरोबर आहे. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र तो नेमका उलटा आहे.

ही दोन औषधं म्हणजे पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन. सहसा दर तीन आठवड्यांनी एकाच दिवशी, आधी पॅक्लिटॅक्सेल सुमारे तीन तास आणि मग कार्बोप्लॅटिन अर्धा ते एक तास, अशी ती शिरेतून देतात. काहींना पॅक्लिटॅक्सेल कमी मात्रेत दर आठवड्याला दिलं जातं. दोन्हींची अ‍ॅलर्जी येऊ शकते आणि बाहेरून ती सारखीच दिसते: चेहरा लाल होणं, छातीत आवळल्यासारखं वाटणं, धाप, खाज, रक्तदाब घसरणं. आत घडतं ते मात्र अगदी वेगळं.

पॅक्लिटॅक्सेल मूळचं पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतलं. मनसुख वाणी आणि मनरो वॉल यांनी त्याची रासायनिक रचना १९७१ साली प्रसिद्ध केली. पेशी दुभंगताना तिच्यात सूक्ष्मनलिकांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की मोडला जातो. हे औषध तो सांगाडा मोडूच देत नाही, हे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. दुभंगायला निघालेली पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. अडचण एकच होती, हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. म्हणून तो एरंडेलापासून बनवलेल्या क्रेमोफोर नावाच्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवावा लागला.

या द्रावकाचं प्रमाण पाहिलं तर डोळे विस्फारतात. दर मिलिलिटरमध्ये औषध ६ मिलिग्रॅम, तर क्रेमोफोर ५२७ मिलिग्रॅम. मध्यम अंगाच्या बाईला तीन आठवड्यांची मात्रा साधारण २८० मिलिग्रॅम लागते, आणि तेवढ्या औषधाबरोबर जवळपास २५ ग्रॅम क्रेमोफोर आणि २३ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल थेट रक्तात जातं. (त्या दिवशी स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका असं सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.)

आपल्या रक्तात काही संरक्षक प्रथिनं कायम फिरत असतात. त्यांना पूरक प्रथिनं म्हणतात. परका पृष्ठभाग दिसला की ती एकामागून एक सक्रिय होतात आणि त्यांचे तुटलेले तुकडे मास्ट पेशींना, म्हणजे अ‍ॅलर्जीची लक्षणं घडवणारी रसायनं साठवून ठेवणाऱ्या पेशींना, चेतवतात. क्रेमोफोर नेमकी हीच साखळी सुरू करतं, आणि त्यासाठी शरीराने ते आधी कधी पाहिलेलं असण्याची गरज नसते. म्हणून ही प्रतिक्रिया बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या वेळीच येते, तीही सलाईन सुरू झाल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. औषध जितक्या वेगाने सोडाल तितकी ती भडकते. सौम्य प्रतिक्रियेनंतर सलाईन थांबवून, औषधं देऊन, मग हळू वेगाने ती पुन्हा सुरू केली तर बऱ्याचदा काहीच होत नाही.

१९८०च्या दशकातल्या सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये या प्रतिक्रिया इतक्या तीव्र होत्या की औषधाचं भवितव्यच धोक्यात आलं होतं. वेग २४ तासांपर्यंत कमी केला आणि आधी स्टिरॉइड व अ‍ॅलर्जीविरोधी औषधं दिली, तेव्हा ते तगलं. आधीची औषधं नीट दिली तर तीन तासही सुरक्षित आहेत हे पुढे दिसून आलं. म्हणजे आजचे तीन तास त्या आधीच्या औषधांच्या भरवशावर आहेत. काही ठिकाणी डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या गोळ्या आदल्या रात्री आणि पहाटे घरीच घ्यायला सांगतात. त्या विसरल्या तर सलाईन लावण्याआधी सांगायलाच हवं. अशा वेळी पर्यायी इंजेक्शन देतात किंवा वेळ पुढे ढकलतात. मधुमेह असेल तर या गोळ्यांनी साखर चढते, म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद न करता साखरेचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारावं. हेच द्रावक साध्या पीव्हीसी नळीतलं मऊपणा आणणारं रसायनही ओढून घेतं. म्हणून या औषधासाठी वेगळ्या प्लास्टिकचा सेट आणि बारीक गाळणी वापरतात.

आता कार्बोप्लॅटिन. त्याची मात्रा मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेवरून ठरते. १९८९ साली कॅल्व्हर्ट यांनी मांडलेलं सूत्र आजही वापरात आहे, म्हणून दर वेळी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारा घटक) तपासतात. पण इथे आपला विषय अ‍ॅलर्जीचा, आणि मला सगळ्यात विलक्षण वाटते ती गोष्ट इथूनच सुरू होते.

कार्बोप्लॅटिन हे प्लॅटिनम धातूचं संयुग. त्याचा रेणू इतका लहान की एकट्याने तो प्रतिकारयंत्रणेच्या नजरेतच येत नाही. तो शरीरातल्या प्रथिनांना चिकटतो आणि त्या जोडीला यंत्रणा परकं समजते. मग काही जणींमध्ये त्या जोडीविरुद्ध आयजीई जातीची, म्हणजे अ‍ॅलर्जीला कारण ठरणारी प्रतिपिंडं (परक्या गोष्टीला ओळखून चिकटणारी प्रथिनं) तयार होऊ लागतात. ती मास्ट पेशींच्या पृष्ठभागावरच्या खाचांमध्ये जाऊन बसतात. एकेका पेशीवर अशा खाचा लाखांच्या घरात असतात. तोवर बाहेर काहीच जाणवत नाही. चाप ओढून ठेवलेल्या सापळ्यासारखी पेशी नुसती सज्ज होते. पुन्हा औषध आलं आणि त्याने शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकत्र बांधलं की पेशीत कॅल्शियम शिरतं आणि हिस्टामिन या अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या रसायनाने भरलेल्या कणिका काही मिनिटांत बाहेर रिकाम्या होतात. रक्तवाहिन्या गळू लागतात, श्वासनलिका आवळतात.

या तयारीला वेळ लागतो आणि वारंवार भेट लागते. पहिल्या सहा फेऱ्यांमध्ये ओळख होते. मग आजार आटोक्यात येतो, काही महिने किंवा वर्षं उपचाराविना जातात, पण ती ओळख जपणाऱ्या प्रतिकारयंत्रणेच्या स्मृतिपेशी तशाच राहतात. आजार उलटला की तेच औषध पुन्हा सुरू होतं. सातवी सलाईन त्या स्मृतीला जागं करते आणि आठवीला सापळा मिटतो. एका अभ्यासात सातपेक्षा जास्त फेऱ्या घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे २७ टक्के जणींमध्ये ही अ‍ॅलर्जी दिसली होती. तीही कधी निम्मी बाटली संपल्यावर येते, म्हणजे पहिली पंधरा मिनिटं बरी गेली एवढ्याने इथे निर्धास्त होता येत नाही. तळहाताला अचानक सुटलेली खाज ही तिची खास खूण. संकोच न करता ती लगेच सिस्टरना सांगावी.

अशी प्रतिक्रिया आली की ‘शरीरानेच कौल दिला, आता औषध सोडा’ असं म्हणणारे भेटतात, आणि ‘प्रतिकारशक्ती कमी पडली’ म्हणून काढे आणि चूर्णं सुचवणारेही. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती नको तिथे तुटून पडली आहे. शिवाय पॅक्लिटॅक्सेल ज्या यकृतातल्या विकरांनी मोडलं जातं त्यांचं काम काही वनस्पतिजन्य औषधं बदलतात. घरचं असं जे काही चालू असेल ते डॉक्टरांपासून लपवू नये.

आणि औषध सोडावंच लागतं असंही नाही. तज्ज्ञ केंद्रांमध्ये असंवेदीकरण नावाची पद्धत वापरतात. बॉस्टनच्या मारियाना कास्टेल्स आणि सहकाऱ्यांनी रूढ केलेल्या पद्धतीत औषधाची तीन द्रावणं करतात: शंभरपट विरळ, दहापट विरळ आणि पूर्ण तीव्रतेचं. अगदी थेंबाथेंबाने सुरुवात करून साधारण दर पंधरा मिनिटांनी वेग वाढवत बारा पायऱ्यांत, जवळपास सहा तासांत पूर्ण मात्रा दिली जाते. सुरुवातीचं औषध इतकं कमी असतं की त्याने बांधली जाणारी प्रतिपिंडं स्फोटाला पुरत नाहीत. मात्रा हळूहळू चढत जाते तशी मास्ट पेशी त्या एका औषधापुरती निष्क्रिय होत जाते. प्रयोगशाळेत अशा पेशींना दुसऱ्या अ‍ॅलर्जीकारकाने डिवचलं, तर त्या नेहमीसारख्याच फुटतात! त्या पांगळ्या झालेल्या नसतात, फक्त एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष करायला लागलेल्या असतात. २००८ साली या गटाने ९८ रुग्णांना वेगवेगळी केमो औषधं अशा रीतीने ४१३ वेळा दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या ९४ टक्के वेळा एकतर काहीच झालं नाही किंवा झालं ते सौम्य होतं.

ही सवलत तात्पुरती असते. औषध शरीरातून निघून गेलं की काही दिवसांत पेशी पुन्हा पूर्ववत होतात, म्हणून पुढच्या फेरीला बाराच्या बारा पायऱ्या पहिल्यापासून चढाव्या लागतात, आणि त्याही अ‍ॅड्रेनालिन (तीव्र अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) हाताशी असलेल्या रुग्णालयात. अंगावर फोड येऊन कातडी सुटण्यासारखी प्रतिक्रिया आली असेल तर ही पद्धत वापरत नाहीत.

रुग्णालय बदललं तर नव्या डॉक्टरांना तीन गोष्टी लेखी द्याव्यात: आजवर कार्बोप्लॅटिनच्या एकूण किती फेऱ्या झाल्या (जुन्या उपचारातल्याही धरून), प्रतिक्रिया कोणत्या औषधाला आणि किती बाटली गेल्यावर आली, आणि त्या वेळी काय द्यावं लागलं.