मासा वर येऊन तोंड उघडतो, तेव्हा

फिशटँकमधला मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करायला लागला की घरातल्या कुणाला तरी वाटतं, याला भूक लागली. चिमूटभर खाणं पडतं. मासा ते खात नाही, खाणं तळाशी जाऊन कुजतं आणि ज्या त्रासामुळे मासा वर आला होता तो आणखी वाढतो. त्याला हवा असतो प्राणवायू.

एक लिटर हवेत साधारण २१० मिलिलिटर प्राणवायू असतो, तर २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात विरघळलेला जेमतेम ६ मिलिलिटर. पाणी तापलं की तो आणखी घटतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.५. त्याच वेळी माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज मात्र वाढत जाते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात टाकीतले मासे पहाटे वर आलेले दिसतात ते यामुळेच. टाकीत वनस्पती असतील तर अंधारात त्याही प्राणवायू वापरतात, म्हणून पहाट सर्वांत वाईट. एअर पंपाचा खरा उपयोग बुडबुड्यांत नाही. बुडबुडे वर येताना पाणी ढवळतात, पृष्ठभाग सतत बदलत राहतो आणि हवेतला प्राणवायू तिथून आत शिरतो.

फायटर आणि गुरामी या माशांना हा नियम सरसकट लावू नका. त्यांच्या कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेणारा वेगळा अवयव असतो, त्यामुळे अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणं ही त्यांची रोजची रीत आहे.

पण पंप जोरात चालू आहे, पाणी थंड आहे, तरी मासे वरच राहतात. अशा वेळी पाण्यात प्राणवायू असतो, तो माशाच्या रक्तापर्यंत पोचत नसतो. घरगुती टाक्यांतले बहुतेक मृत्यू मला या एका कारणाशी येऊन थांबलेले दिसतात, म्हणून ते नीट समजून घेऊ.

आपण शरीरातला नायट्रोजन युरियाच्या रूपात बाहेर टाकतो. मासे तो मुख्यतः अमोनियाच्या रूपात आणि बराचसा कल्ल्यांतूनच टाकतात. नदीत तो वाहून जातो, टाकीत साठतो. पाण्यात त्याची दोन रूपं असतात : कमी घातक अमोनियम आणि कल्ले जाळणारा मुक्त अमोनिया. कुठलं किती, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की जवळपास पाच टक्के. एका अंकाच्या फरकाने विष सुमारे दहापट! अल्कधर्मी, म्हणजे जास्त पीएचच्या, बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या टाकीत थोडी घाणही मासे मारते, ते यामुळे.

टाकी जगते ती जिवाणूंमुळे. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर त्यांचा पातळ थर बसतो. काही सूक्ष्मजीव अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट. हे दुसरं काम नायट्रोबॅक्टर नावाचे जिवाणू करतात असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जायचं. १९९८मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तेव्हा तिथे नायट्रोस्पायरा हे वेगळेच जिवाणू सापडले. २०१५मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा जाहीर झाले, आणि त्यातला एक शोध मत्स्यसंवर्धनाच्या टाकीला जोडलेल्या फिल्टरमधूनच लागला. इतकी साधी वाटणारी यंत्रणा आणि तिचा मुख्य कामगार इतक्या उशिरा ओळखला गेला, याचं मला अजूनही नवल वाटतं.

हे जिवाणू फार सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरून हिमोग्लोबिनचं रूप बदलतं. ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, रक्त तपकिरी पडतं आणि भरपूर बुडबुड्यांच्या पाण्यात मासा गुदमरतो. नवी टाकी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक रिकामी होते ती अशी. दुकानात मात्र ऐकायला मिळतं, ‘लॉट वीक होता’, आणि त्याच पाण्यात नवे मासे सोडले जातात. हे थांबवायला थेंब टाकून रंग पाहण्याचं टेस्ट किट पुरतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसायला हवेत. नसतील तर खाणं बंद आणि पाव ते निम्मं पाणी बदलायचं. नायट्राइट चढलं असेल तर थोडं साधं मीठही मदत करतं, कारण मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरण्यासाठी नायट्राइटशी स्पर्धा करतो.

जुनी टाकी आपण स्वच्छतेच्या हौसेने मोडतो. रविवारी सगळं पाणी ओतून दिलं, खडी घासली, स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र केला, की जिवाणूही गेले. नळाच्या पाण्यात क्लोरीन मुद्दाम राखलेला असतो. आपल्याकडच्या मानकानुसार तो ग्राहकापर्यंत पोचताना लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. आपल्यासाठी तो रक्षक आहे, जिवाणूंसाठी आणि कल्ल्यांसाठी जहर. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात खळबळावा आणि नव्या पाण्यात क्लोरीन मारणारे थेंब टाकावेत.

आता मासा खडीवर, काचेवर अंग घासताना दिसला तर? तो खेळत नसतो. २००३मध्ये स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत ट्राउट माशांच्या ओठांत सौम्य आम्ल टोचलं, तेव्हा त्यांनी खाणं टाळलं आणि ओठ खडीवर घासले. माशांना दुखतं का, या वादात हा प्रयोग महत्त्वाचा मानला जातो. टाकीत घासण्यामागे पुष्कळदा इक हा एकपेशीय परजीवी असतो. पुढे अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. ठिपक्यातला परजीवी त्वचेखाली असल्याने तिथे औषध पोचत नाही. पोसला की तो गळून पडतो, तळाशी कवच करून विभागत राहतो आणि त्यातून शेकडो पिल्लं पोहत निघतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो. औषध मारतं ते फक्त याच पोहणाऱ्या अवस्थेत. म्हणजे ठिपके गेले म्हणून औषध थांबवणं हीच सर्वांत मोठी चूक, कारण त्या वेळी परजीवी तळाशी वाढत असतो. पाणी गरम केलं की हे चक्र वेगाने फिरतं आणि उपचार लवकर संपतो, पण प्राणवायूचा हिशेब आठवून पंप वाढवायला हवा. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवला तर हा पाहुणा बहुधा घरात येतच नाही.

कुठलाही मासा सुस्त दिसला की निळं औषध ओतण्याची सवय मला खटकते. मिथिलीन ब्लू काही आजारांत उपयोगी आहे, पण ते आणि प्रतिजैविकं फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारू शकतात. म्हणून उपचार नेहमी वेगळ्या बादलीत किंवा टाकीत, पंप लावून.

गोल्डफिशबद्दल मात्र स्वतंत्र सांगायला हवं. गोलमटोल शरीराच्या जाती जेवणानंतर उलट्या तरंगतात, कारण माणसाने निवडून घडवलेल्या त्या आखूड धडात आतडी आणि वाताशय, म्हणजे माशाला तरंगत ठेवणारी हवेची पिशवी, दाटीवाटीने बसलेले असतात. एक-दोन दिवस उपास आणि मग बुडणारं, भिजवलेलं खाणं, इतक्याने अनेकदा फरक पडतो. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा वर्षांहून अधिक जगतो. तो भरपूर खातो आणि भरपूर अमोनिया सोडतो. टेबलावरच्या गोल काचेच्या भांड्यात ना फिल्टर बसतो, ना पुरेसा पृष्ठभाग मिळतो, म्हणून तिथे तो अनेकदा महिन्या-दोन महिन्यांत जातो. पहिल्या गोल्डफिशसाठी निदान सत्तर-ऐंशी लिटरची आयताकृती टाकी घ्या, आणि मासा आणण्याच्या महिनाभर आधी तिचा फिल्टर चालू करून रोज चिमूटभर खाणं टाका, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळत राहील.