जर्मन-अमेरिकन वंशशोध

अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मनभाषक पूर्वजांचे मूळ गाव, त्यांचे कुळ आणि त्यांनी मागे ठेवलेला वारसा जुन्या दप्तरांच्या आधारे शोधून काढण्याचा अभ्यास. २०२० च्या जनगणनेत सुमारे साडेचार कोटी अमेरिकनांनी आपले मूळ जर्मन असल्याचे नोंदविले. मात्र त्यांपैकी पुष्कळांना आपले पूर्वज नेमके कोणत्या गावातून आले हे ठाऊक नसते आणि या अभ्यासाची खरी अडचण तीच आहे.

१६८३ मध्ये जर्मनीतील क्रेफेल्ड शहरातून आलेल्या तेरा कुटुंबांनी वकील फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस यांच्याबरोबर पेनसिल्व्हेनियात जर्मनटाउन वसविले. अठराव्या शतकात नैर्ऋत्य जर्मनीतील पॅलाटिनेट व आसपासच्या प्रदेशांतून आलेल्यांपैकी अनेकांनी जहाजभाड्याच्या मोबदल्यात काही वर्षे वेठीसारखी चाकरी पत्करली होती. एकोणिसाव्या शतकात जमिनीची तुकडेतोड, नापिकी, सक्तीची लष्करभरती आणि जर्मन राज्यांतील १८४८ ची फसलेली क्रांती यांमुळे हा ओघ वाढत गेला आणि १८८२ या एका वर्षात सुमारे अडीच लाख जर्मन अमेरिकेत उतरले. दुर्दैवाने १८९० च्या जनगणनेची बहुतेक कागदपत्रे १९२१ ची आग आणि नंतरची विल्हेवाट यांत नष्ट झाल्याने नेमक्या याच पिढीची अमेरिकेतील पहिली वर्षे धूसर राहतात.

जर्मनी १८७१ पर्यंत एकसंध राष्ट्र नव्हता आणि संपूर्ण साम्राज्यात सरकारी जन्ममृत्यू नोंदणी १८७६ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीचा मुख्य आधार म्हणजे त्या त्या चर्चच्या नोंदवह्या. त्यामुळे गाव कळल्याशिवाय कोणती वही उघडायची हेच समजत नाही. अमेरिकन जनगणनेत जन्मस्थान म्हणून बहुधा ‘प्रशिया’ किंवा ‘बाडेन’ असे जर्मन राज्याचे नाव एवढेच असते. नागरिकत्वाच्या जुन्या अर्जांत माणूस कोणत्या राजाची निष्ठा सोडतो आहे ते लिहिलेले असे. त्यावरून राज्य कळते, पण गाव नाही. अशा वेळी अमेरिकेतील जर्मन चर्चची दफननोंद अधिक उपयोगी पडते, कारण सरकारी कारकुनाने जेथे नुसते ‘जर्मनी’ लिहिले, तेथे जर्मन पाद्रीने पुष्कळदा खेड्याचे नाव टिपलेले असते.

पूर्वज कोणत्या बंदरातून निघाला यावरही पुष्कळ अवलंबून असते. हॅम्बुर्गच्या १८५० ते १९३४ या काळातील प्रवासी याद्या बव्हंशी टिकल्या असून त्यांत पूर्वीचे राहण्याचे ठिकाण दिलेले आहे. ब्रेमेनमध्ये मात्र जागेच्या टंचाईमुळे जुन्या याद्या वेळोवेळी काढून टाकल्या गेल्या व उरलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या.

न्यूयॉर्क बंदरात स्थलांतरितांची तपासणी होई त्या एलिस बेटावरील कारकुनांनी नावे बदलली, ही घरोघरी सांगितली जाणारी कथा निराधार आहे. तेथील अधिकारी जहाज कंपन्यांनी आधीच तयार केलेल्या याद्या पडताळून पाहत. म्युलरचा मिलर आणि श्मिटचा स्मिथ झाला तो हळूहळू, शेजार, शाळा आणि व्यवहार यांच्या रेट्याने. नवख्या संशोधकाला अधिक चकवतात ती पहिली नावे : एकाच घरात योहान गेओर्ग, योहान पेटर आणि योहान आडाम असे तिघे भाऊ सापडतात, कारण ‘योहान’ हे केवळ बाप्तिस्म्याचे पुढचे नाव असून हाक मारण्याचे नाव दुसरे असे. जुन्या वह्यांत स्त्रीच्या आडनावाला ‘इन’ जोडलेले आढळते. तेथील ‘म्युलरिन’ ही म्युलर घराण्यातलीच असते.

या वह्या कुरेंट नावाच्या वळणदार लिपीत आहेत. १९४१ मध्ये शाळांतून जुन्या वळणाचे शिक्षण बंद झाल्याने आजच्या जर्मन माणसालाही त्या सहज वाचता येत नाहीत. मोडी दप्तरापुढे आपली जी गत होते तीच. त्या लिपीत ‘e’ आणि ‘n’ ही अक्षरे जवळजवळ सारखी दिसतात आणि गावाच्या नावातील एवढ्याशा चुकीनेही शोध भलत्याच परगण्यात भरकटतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जर्मन भाषेविरुद्ध रोष उसळला, अनेक जर्मन वृत्तपत्रे बंद पडली आणि कित्येक घरांनी आपली भाषा व आठवणी मुद्दाम मिटवल्या. तरीही पेनसिल्व्हेनियातील आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची जर्मन बोली आणि टेक्सासमध्ये १८४५ साली वसलेले न्यू ब्राउनफेल्स हा वारसा अजून दाखवितात. पेनसिल्व्हेनियातील जर्मन घरांत पक्षी, फुले व हृदये रंगवून सजविलेले जन्म-बाप्तिस्म्याचे दाखले जपून ठेवीत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या विधवांना पुढे निवृत्तिवेतनासाठी पुरावा द्यावा लागला, तेव्हा काही कुटुंबांनी हेच दाखले अर्जाला जोडले. ते चित्रमय कागद आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात निवृत्तिवेतनाच्या फायलींमध्ये सापडतात.